रंगाचा रकाना

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते अस्तर कारखान्याचे तपासनीस साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आणि पहिल्या तारखेपासून त्यांच्या जागी येणारे नवे तपासनीस साहेब. कारखान्याच्या कचेरीतून आलेली पाहुणे मंडळी. आमच्या वखारीतल्या निवडणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायका, गाडी भरणारे, तारा ओढणारे, आमचे कारकून, आणि चार वेळा सांगूनही न बसलेला आमचा दारावरचा पहारेकरी, सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवात करण्याआधी एक सांगतो. ही माइकची वायर. सकाळपासून मी ती तीन वेळा भिंतीकडे सरकवली आणि तीन वेळा कोणीतरी ती मधल्या वाटेत आणून टाकली. आत्ताही ती मधेच आहे. हसू नका, मला ते दिसतंय. दुसरं, तुम्ही सगळे ज्यावर बसलात ते फोमचे गठ्ठे आहेत. वर चादर घातली म्हणून गठ्ठ्याची खुर्ची होत नाही. तारेला कोणी हात लावू नका. आत माणसाच्या उंचीचा फोम गुडघ्याएवढा करून बसवलाय. तार सुटली तर तो वर कोण बसलंय ते विचारत नाही. आणि तिसरं, विडी-सिगारेट फाटकाबाहेर. फाटकात नाही, फाटकाबाहेर. फोम पेटला तर... असो. आज चांगला दिवस आहे.

मी या वखारीत गठ्ठे दाबायच्या प्रेसवर आहे. एकतीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतसुद्धा मी परीक्षेला आजारी पडलो. आणि मालकांनी सांगितलं की साहेबांबद्दल तूच बोलायचं. मी म्हटलं, कारकुनांना सांगा. ते म्हणाले, कारकून चांगले बोलतील, पण साहेबांशी भांडलायस तू सगळ्यात जास्त. कारकुनांना दया आली, त्यांनी मला हा कागद लिहून दिला. अक्षर सुंदर आहे. पहिल्याच ओळीत ‘कर्तव्यपरायण’ असा शब्द आहे. घरी दहा वेळा म्हणून पाहिला, दहाही वेळा वेगळा आला. तेव्हा तो शब्द तुम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात साहेबांना लावून घ्या आणि मला सोडा. कागद खिशात ठेवतो. कारकून, राग मानू नका.

आता पाहुण्यांना प्रश्न पडला असेल. ज्या माणसाने आपला माल परत पाठवला, एकदा नाही, दोनदा नाही, पंचवीस वर्षं परत पाठवला, त्याचा सत्कार त्याच वखारीने करावा हे कुठं ऐकलंय? मार खाणाऱ्याने मास्तरांना निरोप द्यावा तसं हे आहे. पण मोठेपणी मार आठवून आपण कोणत्या मास्तरांना नमस्कार करतो? ज्यांनी उगाच मारलं त्यांना नक्कीच नाही.

कचेरीतल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, आमचं काम काय. गाद्या-सोफे बनवणाऱ्यांकडे फोम कापताना कडा उरतात, पट्ट्या उरतात, वरची कडक साल उरते. ते सगळं पोत्यांतून आमच्याकडे येतं. निवडणीच्या टेबलावर बायका त्याची जात लावतात. मऊ वेगळा, घट्ट वेगळा, कडक साल वेगळी. एक जात अशी आहे की दाबली की हळूहळू, आळस देत वर येते. त्याला आम्ही आळशी म्हणतो. तो आळशी कुठे चुकून मिसळला तर साहेबांच्या कारखान्यातलं सगळं अस्तर बिघडतं. कापड, चिकटवलेला कागद, पिना, खिळे बाजूला काढायचे. मग माल माझ्याकडे येतो. मी प्रेसच्या पेटीत भरतो, दार लावतो, वरून पत्रा खाली येतो, पाच तारा बांधतो, गठ्ठा बाहेर. तिकडे कारखान्यात तो फोडून त्याचा चुरा करतात, चुरा चिकटवून त्याची पुन्हा गादी होते, आणि ती लोकांच्या गालिच्याखाली जाते. लोक त्यावर चालतात आणि म्हणतात, वा, गालिचा किती मऊ आहे! गालिचा कसला मऊ? आम्ही मऊ.

तर साहेब. साहेब नवे होते तेव्हा त्यांनी आमच्या पहिल्या तीन गाड्या परत पाठवल्या. तीन! पहिलीच्या सोबत चिठ्ठी: ‘ओला आहे.’ आता आम्ही बाहेरून हात लावून पाहिलं, खडखडीत कोरडा. मी तावातावाने कारखान्यात गेलो. साहेबांनी काही न बोलता एका गठ्ठ्याच्या तारा कापल्या, बाजूला उभे राहून बरं का, आणि आतल्या फोमला गाल लावला. मला म्हणाले, “लावा.” मी लावला. गारेगार. कोणत्या तरी गादीवाल्याच्या पत्र्यातून पाणी गळलं होतं, आणि मी शहाण्याने विचार केला होता की दाबल्यावर पाणी निघून जाईल. निघतं ना, पण सगळं नाही. उरलेलं आत जाऊन बसतं आणि आंबतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तर गालच दाखवला.

तेव्हापासून आम्ही त्यांना मागे ‘चिमटा’ म्हणायला लागलो. साहेब, आता तुम्ही जाताय म्हणून सांगतो. दोन बोटांत फोम धरून असा चिमटा घ्यायचे ना, त्यावरून. तुम्हाला ठाऊक होतं? होतं? बरं झालं, एक ओझं कमी झालं.

आणि साहेब काहीही ठेवून घेत नसत. आमच्या गठ्ठ्यात सापडलेली प्रत्येक वस्तू पाकिटातून परत यायची. एक कंगवा. एक चमचा. कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल, ती पाकिटात मावली नाही म्हणून कागदात बांधून. आमचे कारकून एकदा आठ दिवस चष्मा शोधत होते. आमच्यातल्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला. नवव्या दिवशी पाकीट आलं, आत चष्मा, आणि चिठ्ठी: ‘गठ्ठा क्रमांक बावीस. काच शाबूत आहे. मालकाला द्यावा.’ कारकुनांना चष्म्याशिवाय चिठ्ठी वाचता येईना, आणि चष्मा लावून वाचली तर मान वर करता येईना. कारकून, तुमचा कागद मी वाचला नाही त्याचा हा सूड नाही हं.

असो. गमती पुष्कळ आहेत. पण मी मघापासून दुसऱ्याच एका गोष्टीभोवती फिरतोय. पाणी... हो, आहे इथे. धन्यवाद.

मागच्या आठवड्यात नव्या साहेबांनी आम्हाला एक छापील कागद पाठवला. तपासणीचा नवा तक्ता. नवे साहेब, तक्ता चांगला आहे, त्यात अकरा रकाने आहेत, ओल, पिना, साल, सगळं आहे. पण पहिला रकाना रंगाचा आहे. पांढरा किती, रंगीत किती. पांढऱ्यात रंगीत सापडला तर गठ्ठा परत, आणि गठ्ठ्यावर ज्या बाईची खूण असेल तिचं नाव लिहायचं. तो कागद आल्यापासून मला जेवण गोड लागत नाहीये. कारकून म्हणाले, काका, एवढं काय, रंग तर आंधळ्यालाही... तिथे ते थांबले. आणि मी प्रेसचं दार उगाच दोनदा लावलं.

टेबलावर डावीकडून तिसरी जागा माझ्या बायकोची आहे. टेबलावरच्या सगळ्या तिला काकू म्हणतात. तेहतीस वर्षं ती तिथे बसते. माझ्याही आधी ती इथे आली. मला इथे आणलं तिने. आत्ता बसलेल्या बायकांपैकी चौदा जणींना तिने काम शिकवलंय. ती समोर तिसऱ्या ओळीत, कडेच्या गठ्ठ्यावर बसली आहे. आज सकाळी घरातून निघताना तिने मला बजावलं होतं, “अहो, साहेबांबद्दल बोला. माझं नाव मधे आणायचं नाही.” मी हो म्हटलं होतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मी तिला दिलेला शब्द मोडल्याचं मला तरी आठवत नाही. तिला आठवत असेल.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, मागे ऐकू जात नाही.

ती म्हणतेय, “आता बोललातच, तर पूर्ण बोला. अर्धवट नको.”

ऐकलंत ना तुम्ही? साक्षीला राहा.

पंधरा वर्षांपूर्वी तिला दिसायचं कमी झालं. मोतीबिंदू असता तर काढला असता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मधोमध आतून झिजलंय, याला चष्मा नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. तिला कडेकडेचं दिसतं. चालता येतं, दार दिसतं, माणूस उभा आहे हे कळतं. पण ज्याच्याकडे सरळ पाहावं तिथे मधेच एक राखाडी डाग. आणि रंग गेले. आधी फिके झाले, मग गेले. तिने मला सांगितलं ते कसं? एक दिवस मी नवा शर्ट घालून उभा राहिलो आणि विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, “कापड चांगलंय.” मी म्हटलं, आणि रंग? ती भाजी चिरत राहिली.

मालक, तुम्ही असे माझ्याकडे बघू नका, मग मला पुढचं बोलता येणार नाही. मला माहीत आहे, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. डोळ्यांशिवाय निवडणीच्या टेबलावर कोण ठेवतं? मीसुद्धा ठेवलं नसतं. पण तुम्ही तिचे हात पाहिलेत का कधी, काम करताना? ती तुकडा उचलते, अंगठ्याने दाबते, सोडते. तो किती वेळाने वर येतो त्यावरून त्याची जात. कानाजवळ नेऊन चुरगळते. साल असेल तर करकरते, जुना असेल तर भुगा होतो. चिकटवल्याचा वास तिला तुकडा हातात यायच्या आधी येतो. आणि पिना ती तळहाताने शोधत नाही, हाताच्या पाठीने शोधते. म्हणते, तळहात घट्टे पडून बहिरे होतात, पाठ जागी असते. तेहतीस वर्षांत तिच्या खुणेच्या गठ्ठ्यात एक पीन सापडलेली नाही. साहेब, चूक असेल तर इथेच सांगा. नाही ना?

राहिला प्रश्न रंगाचा. त्या काळी कारखान्याची अट होती, पांढऱ्याचा गठ्ठा वेगळा. मग मी काय करायचो, सकाळची घंटा व्हायच्या तासभर आधी यायचो. आलेली पोती उघडून पांढरा माल तिच्या डाव्या हाताला, रंगीत उजव्या हाताला. मग ती आपली जात लावायची. पहारेकरी विचारायचा, काका, एवढ्या लवकर? मी सांगायचो, डॉक्टरांनी गुडघ्यांना व्यायाम सांगितलाय. सहा वर्षं मी गुडघ्यांना व्यायाम दिला. त्यानेच गेले बहुतेक.

आणि सहा वर्षं मी एक गाडी सुखाने बाहेर जाऊ दिली नाही. गाडी फाटकातून निघाली की माझं सुरू. मी एखादं पोतं चुकवलं असेल तर? डावं-उजवं झालं असेल तर? आज चिठ्ठी येईल, उद्या येईल. ती मला म्हणायची, “अहो, तुम्ही घाबरता इतके, की बघणाऱ्याला वाटेल तुम्हालाच दिसत नाही.”

मग मला ताप आला. साधा ताप, पण असा की उभं राहवेना. तिला म्हटलं, तूही जाऊ नकोस. ती म्हणाली, आज गाडी भरायची आहे, टेबल सोडून कसं चालेल, आणि गेली. संध्याकाळी आली ती खुशीत. “आज छान काम झालं. अकरा गठ्ठे.” मी पांघरुणातून विचारलं, “पांढरे किती?” ती म्हणाली, “चार.” मी पांघरूण बाजूला सारून उठून बसलो. तिने धुवायला डबा काढला. मग तीच म्हणाली, “पोती कुणी लावली होती आज?” आणि डबा तसाच जमिनीवर ठेवला. गाडी दुपारीच गेली होती.

ते चार गठ्ठे साहेबांनी फोडले. मी तिथे नव्हतो, पण मला दिसतंय. बगळ्यांच्या थव्यात कोंबडे सोडावेत तसे पांढऱ्यात गुलाबी, हिरवे, पिवळे. आता चिठ्ठी येणार म्हणून मी ताप असताना कामावर येऊन बसलो. एक दिवस गेला, दोन गेले. चिठ्ठी नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले.

आले ते कचेरीत गेले नाहीत. एक रिकामं पिंप उलटं घातलं आणि टेबलासमोर बसले. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत. चहा नको म्हणाले. टेबलावरच्या बायका एरवी एकमेकींच्या सासवा उकरून काढतात, त्या दिवशी सगळ्या गप्प. मी प्रेसच्या दांड्याला धरून उभा. मधेच साहेबांनी खालचा एक तुकडा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. दिसायला मऊसारखाच. तिने दाबला आणि मान न वळवता मागच्या पेटीत टाकला. आळशाच्या. मग दुसरा ठेवला, गुलाबी. विचारलं, “हा कुठे?” ती म्हणाली, “मऊ आहे. इकडे.” साहेबांनी रंग विचारला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, विचारतील, आता विचारतील. नाही विचारला.

फाटकापर्यंत मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्यांनी विचारलं, “डावीकडून तिसऱ्या बसतात त्या कोण?” मी म्हटलं, “माझी बायको आहे, साहेब.” ते म्हणाले, “हात चांगला आहे.” बस, एवढंच. गाडीत बसले आणि गेले.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाने या तीन शब्दांचं काय करायचं? हात चांगला आहे, म्हणजे डोळा वाईट आहे? की उगाच आपलं? आठ दिवस मी तेच उलटसुलट करत होतो. आठव्या दिवशी कारखान्याचं पत्र आलं. कारकुनांनी वाचून दाखवलं. पांढरा माल वेगळा द्यायची अट रद्द. मला नंतर कारखान्याच्या गाडीवाल्याकडून कळलं की साहेबांनी कचेरीत जाऊन एकच प्रश्न विचारला होता, गालिच्याखाली रंग कोण बघतं? तेव्हा जुन्या फायली काढल्या. तर एक गिऱ्हाईक होतं, त्याला फिक्या उशांसाठी पांढरा चुरा लागायचा. ते गिऱ्हाईक केव्हाच बंद झालं होतं. अट तेवढी मागे राहिली होती, आणि सगळे ती पाळत होते. साहेबसुद्धा. मी तर गुडघे घालवून पाळत होतो.

कारखान्याच्या पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये. साहेबांनी आमच्यावर मेहेरबानी केली नाही. त्याच महिन्यात त्यांनी ओलीसाठी आमचे सहा गठ्ठे परत पाठवले. पण जे बघायची गरजच नाही ते बघणं त्यांनी बंद केलं. हे किती जणांना जमतं?

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एरवी साहेब कधी आले नि कधी गेले, पत्ता लागत नसे. त्या दिवसानंतर ते टेबलाच्या खोलीत शिरताना दारातूनच मोठ्याने म्हणायला लागले, “तपासणीवाला आलो हो!” मी मनात म्हणायचो, बघा, वय झालं तसा ताठा आला. बरीच वर्षं मी असं म्हणत होतो. मग एक दिवस पाहिलं, त्यांचा आवाज आला की ही मान त्या बाजूला वळवते आणि हसून म्हणते, “या साहेब.” अगदी बघून ओळखल्यासारखं. साहेब, तुम्ही कचेरीच्या दारात तसं कधी ओरडला नाहीत. फक्त तिथेच.

टेबलावरच्या बायका का हसताहेत? तुम्ही... म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? किती वर्षांपासून? अगं, मग मला सांगायचं ना! मी पंधरा वर्षं झाकली मूठ धरून बसलोय आणि मुठीत काही नाहीच!

बरं. असू दे. माझं हसं झालं तरी चालेल. आता मुद्द्याचं. आज साहेब जाताहेत आणि तक्ता येतोय. नवे साहेब, मी शिकलेला नाही, तुम्ही काय छापावं ते मी कसं सांगणार? रंगाचा रकाना काढून टाका असंही मी म्हणत नाही. उद्या कोणाला पांढरा माल खरंच लागला तर सांगा, आम्ही वेगळा देऊ, डोळेवाल्या पुष्कळ आहेत टेबलावर. माझी विनंती इतकीच, तो रकाना पहिला ठेवू नका. खाली न्या. पहिला रकाना हाताचा असू द्या. कारण मी पाहिलंय, माणूस पहिला रकाना भरतो आणि त्यावर मन बनवतो, बाकीचे दहा नुसते भरतो. मालक, तुम्हालाही तेच. तिला टेबलावर ठेवायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे. मी फक्त म्हणतो, ठरवायच्या आधी एक दिवस ते पिंप उलटं घाला आणि बसा.

झालं. आता रीतीप्रमाणे आभार मानतो आणि बसतो. मालकांनी ही शेड एक दिवस रिकामी करून दिली, त्यांचे आभार. कारकुनांचे, कागदासाठी. चहावाल्यांचे. पहारेकऱ्याचे, अरे, बस ना आता तरी. आणि साहेब, तुमचे आभार कसे मानू? पंचवीस वर्षं तुम्ही आमचा माल परत पाठवलात, म्हणून तो माल राहिला, कचरा झाला नाही.

वखारीतर्फे साहेबांना एक छोटी भेट आहे. पाठीला लावायची उशी. निवृत्त माणूस बसून असतो, पाठ धरते. ती आमच्या काकूंच्या हस्ते द्यायची असं बायकांनी ठरवलंय, कारण आत काय भरायचं ते तिनेच निवडलं. ती आता येईल. कोणी उठू नका, कोणी तिचा हात धरू नका. तिसऱ्या ओळीपासून इथपर्यंत अकरा पावलं आहेत, आम्ही काल मोजली. तिला वाट माहीत आहे. फक्त एक करा. माइकची ती वायर काल तिथे नव्हती. ती उचला. हं. धरून ठेवा वर, अशी. आता कळलं ना सकाळपासून का सरकवत होतो?

ये.

थोडं उजवीकडे... नको, तिला कळतंय. मी गप्प बसतो.

साहेब, उशीच्या आत फोमचे पाच रंग आहेत म्हणे, मला या बायकांनी सांगितलं. जात मात्र एकच. तिचं म्हणणं असं की एक तुकडा सोडून. एका कोपऱ्यात तिने मुद्दाम आळशी घातलाय, तुम्हाला शोधायला. नाहीतर घरी बसून चिमटे कोणाला काढणार?

साहेबांनी उशी नव्या साहेबांच्या मांडीवर ठेवली. का हो? अच्छा. म्हणताहेत, आता शोधायचं काम यांचं. नवे साहेब, मग डोळे मिटून बघा. आमच्याकडे तसंच बघतात. घाई नाही, चहा यायला अजून वेळ आहे. एकेक कोपरा दाबा आणि सोडा, आणि तो किती वेळाने वर येतो ते मनात मोजा... तो नाही. तोही नाही. मी सांगत नाहीये, मला स्वतःला माहीत नाही.

ती विचारतेय, “सापडला का हो?”

नवे साहेब, उत्तर तुम्हीच द्या, ती तुमच्याकडे तोंड करून उभी आहे. काय? डावा, खालचा?

ती म्हणतेय, “बरोबर.”

डोळे उघडा आता, साहेब. नाही, राहू द्या मिटलेले थोडा वेळ, छान दिसतंय.

मी बसतो. बोलताना कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखलं असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. शब्द मोडल्याबद्दल मला घरी ऐकून घ्यायचंच आहे, म्हणून इथली माफी तेवढी आत्ताच द्या. आणि वायर अजून खाली सोडू नका. तिला परत जागेवर जायचंय.